वांद्रे मुंबईत नेमकं कधी आलं?

‘वांद्रे पूर्वी वेगळं गाव होतं म्हणतात, मग ते मुंबईत कधी आलं?’ असं तुम्ही विचारलंय. कागदोपत्री १९५० साली. तेव्हा महापालिकेची हद्द माहीमच्या खाडीपलीकडे सरकली. पण मला विचाराल तर १८४५.

मी माहीमचा, म्हणजे खाडीच्या अलीकडचा. मुंबई इंग्रजांना आंदण गेली तरी पलीकडचं साष्टी बेट पोर्तुगीजांनी सोडलं नव्हतं आणि वांद्रे साष्टीत. १७३९ मध्ये साष्टी मराठ्यांनी जिंकली, १७७४ मध्ये इंग्रजांनी घेतली. तोवर होडीतून खाडी ओलांडली की माणूस परराज्यात! राज्य एक झाल्यावरही होडी काही सुटली नाही. खाडीवरच्या रस्त्यासाठी सरकार पैसा सोडेना, तेव्हा सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी आवाबाईंनी १,५७,००० रुपये दिले. अट एकच, टोल घ्यायचा नाही. (सी लिंकचा टोल भरताना मला आवाबाई हमखास आठवतात.) १८४५ ला हा रस्ता, म्हणजे माहीमचा कॉजवे, खुला झाला आणि वांद्र्याचं गावपण तिथूनच ओसरू लागलं. मागोमाग रेल्वे आली, १८७६ ला स्वतःची नगरपालिका झाली. पुढे प्लेगमुळे शहर सोडून लोक इकडे आले आणि भातखाचरांत बंगले उठले.

आणि गाव तरी एक कुठे होतं? रणवार, पाली, शेर्ली, राजन, चुईम अशा पाखाड्या, म्हणजे छोट्या वस्त्या, शिवाय चिंबईचे कोळी. पाखाड्यांतले बहुतेक जण ईस्ट इंडियन ख्रिस्ती. राहणार पश्चिम किनाऱ्यावर आणि नाव ‘ईस्ट’! ईस्ट इंडिया कंपनीच्या नावावरून १८८७ मध्ये घेतलेलं, नोकरीसाठी आलेल्या गोवेकर-मंगळूरकर ख्रिस्त्यांपेक्षा आपण वेगळे हे दाखवायला. घरात बोलतात मात्र मराठीच, आगरी-वाडवळी बोलींच्या जवळची. मे महिन्यात मिरच्या वाळवून, कुटून केलेला बाटली मसाला बिअरच्या गडद बाटल्यांत ठासून भरतात. उजेड लागला तर रंग उडतो म्हणून.

पाहायचं असेल तर रणवारात वेरोनिका स्ट्रीटला जा. बाहेरून चढणारा लाकडी जिना, कौलं, आणि गल्लीची रुंदी बैलगाडीच्या मापाची. गाडी हिल रोडलाच सोडा, आत गेलात तर वळवता येणार नाही.