1978 चं सेसना 172 घेऊन कऱ्हाडला ठेवायचा विचार आहे. उडणं कमी होईल, पण दर रविवारी दहा मिनिटं इंजिन चालू केलं तर तब्येत टिकेल ना? आणि महिन्याला खर्च किती येईल?

नाही टिकणार. दर रविवारी जमिनीवर दहा मिनिटं चालवण्यापेक्षा ते इंजिन अजिबात चालू न केलेलं बरं. तुम्हाला खर्चाचा आकडा हवा आहे हे दिसतंय मला, पण ‘दर रविवारी दहा मिनिटं’ हे शब्द वाचले आणि हातातला चहा तसाच राहिला.

मी पायलट नाही. छोट्या विमानांची देखभाल करणारा परवानाधारक इंजिनिअर होतो, एएमई म्हणतात तो. परीक्षा देऊन, अनुभवाचे दाखले जोडून मिळवलेलं लायसन्स होतं. गावात मात्र सगळ्यांना मी ‘मिस्त्री’. ज्यांच्याकडे शेवटची नोकरी केली त्या मालकांनाही. त्यांना सगळे आबा म्हणायचे, आपणही आबाच म्हणू.

आबांनी विमान आणलं मार्चमध्ये. तेही तुम्ही बघताय तसंच, 172 एन, त्याच काळातलं, तेच 160 हॉर्सपॉवरचं लायकमिंग इंजिन. एप्रिल-मे हौसेनं उडवलं. पाहुणेरावळे बसवून कोयनेच्या पाण्यावर चक्कर, आगाशिवच्या डोंगराला वळसा, मग खाली उतरून फोटो. पाटणच्या बाजूनं ढग उतरायला लागले तसं उडणं थांबलं. मी म्हटलं, आबा, आता दसऱ्यापर्यंत हे उभंच राहणार, तर इंजिन नीट झोपवून ठेवू. नेहमीचं तेल काढून गंज थांबवणारं तेल भरायचं, सिलिंडरमध्ये तेच फवारायचं, स्पार्क प्लग काढून तिथं सिलिका जेलच्या नळ्या बसवायच्या, एक्झॉस्ट आणि ब्रीदरची (इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी नळी) तोंडं बंद करायची. निळी सिलिका गुलाबी झाली की बदलायची. एका दिवसाचं काम.

आबा हसले. “अहो मिस्त्री, आमचा ट्रॅक्टर चार-चार महिने शेडात असतोय. सेल मारला की धडाड चालू. दर रविवारी भाचा येऊन दहा मिनटं चालू करंल की. तेल फिरलं म्हंजी झालं.”

तेल फिरतं, हे खरं आहे. पण पेट्रोल जळलं की पाणी तयार होतं, लिटरला जवळपास लिटरभर. बरंचसं एक्झॉस्टवाटे जातं, थोडं पिस्टनच्या रिंगांमधून झिरपून खाली तेलात उतरतं. विमान तासभर हवेत असलं की तेल चांगलं तापतं आणि ते पाणी वाफ होऊन ब्रीदरमधून निघून जातं. जमिनीवर दहा मिनिटांत तेल कोमट होतं, बस्स. म्हणजे दर रविवारी भाचेसाहेब इंजिनात पाणी घालत होते आणि बाहेर काढायच्या आधीच बंद करत होते. त्यात या लायकमिंगचा कॅमशाफ्ट, म्हणजे झडपा उघडणारा दांडा, क्रँकशाफ्टच्या (पिस्टन ज्याला फिरवतात तो मुख्य दांडा) वर असतो, तेलात बुडलेला नसतो. इंजिन चालू असताना जे तेल उडेल त्यावर त्याचं भागतं. उभं राहिलं की तेल निथळून खाली, आणि वर उरतं उघडं लोखंड आणि दमट हवा. ट्रॅक्टरच्या इंजिनात कॅम बहुधा खाली बाजूला असतो आणि ट्रॅक्टर एकदा चालू झाला की दिवसभर नांगर ओढतो. तुलनाच चुकीची होती. पण ट्रॅक्टरवाल्याला हे सांगून बघा.

हे माझं ज्ञान नव्हे. लायकमिंगचं स्वतःचं पत्रक आहे: 30 दिवसांत किमान एकदा, सलग एक तास उड्डाण, तेल 165 ते 200 फॅरेनहाइटच्या दरम्यान, म्हणजे साधारण 74 ते 93 सेल्सिअस. जमिनीवर चालवणं हा त्याला पर्याय नाही, असंही त्यातच आहे. पुढचा पंखा (प्रोपेलर) हातानं फिरवून ठेवायची सवय तर आणखी वाईट. कॅमवर उरलंसुरलं तेल असतं तेही पुसलं जातं. शिवाय मॅग्नेटोची (स्पार्क प्लगला ठिणगीची वीज देणारं यंत्र) अर्थिंगची वायर तुटलेली असली, तर किल्ली बंद असतानाही इंजिन एक ठोका मारतं आणि फिरवणाऱ्याचा हात जातो. आमचा राखणदार रोज पंखा फिरवून नमस्कार करायचा. त्याला मी ओरडून थांबवलं. आबांवर ओरडता येत नव्हतं.

ऑक्टोबरात तेल बदलायला घेतलं. तास 50 भरले नव्हते, पण चार महिने झाले होते, आणि दोन्हींत जे आधी येईल ते. फिल्टर कापला, आतला कागद उलगडला, पिळला, पांढऱ्या कपड्यावर धुतला. बारीक चमचम दिसली. चुंबक फिरवलं, सगळी चिकटली. ॲल्युमिनियम असतं तर जरा बरं वाटलं असतं. ही पोलादाची होती. आबांनी आधी कॉम्प्रेशन बघायला लावलं. 80 च्या दाबापैकी चार सिलिंडरांनी धरलेला दाब: 76, 75, 77, 74. “बघा मिस्त्री, इंजिन ठणठणीत!” कॉम्प्रेशन सिलिंडरचं कळतं हो, कॅमचं नाही. एक सिलिंडर उतरवला आणि बॅटरी मारून दाखवलं. लोबच्या, म्हणजे कॅमवरच्या उंचवट्याच्या, टोकावर देवीच्या व्रणांसारखे खड्डे, त्यावर घासणाऱ्या टॅपेटचं तोंड सोललेलं. कॅम बदलायचा म्हणजे पूर्ण इंजिन उतरवून क्रँककेस दोन भागांत उघडायची. नवी हौस तिथंच संपली.

आता ज्यासाठी हे सगळं लिहितोय ते. इंजिन लॉगबुकात मी लिहिलं: कॅम लोबला गंजामुळे खड्डे, विमान चार महिने उडालेलं नाही, या काळात फक्त जमिनीवर इंजिन चालवलं. आबा म्हणाले, शेवटचं वाक्य काढा, विकताना आडवं येईल. मी काढलं नाही. महिन्याअखेर हिशेब झाला, आणि गावात बातमी पसरली की मिस्त्रीनं स्वस्तातलं तेल घातलं म्हणून इंजिन गेलं. तेल कंपनीचं होतं, या मॉडेलला सांगितलेलं लायकमिंगचं ॲडिटिव्हही घातलेलं होतं, बिलं होती. पण जूनमध्ये मी इंजिन झोपवायला सांगितलं ते तोंडी. कागदावर एक ओळ नाही. ती चूक माझी.

म्हणून तुम्ही जो कोणी एएमई ठेवाल, तो जे सांगेल ते लिहून मागा आणि तुम्ही नाही म्हणालात तर तेही लिहू द्या. आणि त्याला मिस्त्री म्हणू नका.

बरं, खर्च. रुपयांत आकडा देत नाही. मी काम सोडून बरीच वर्षं झाली. पण हिशेब दोन वह्यांत मांडा. पहिली, विमान हललं नाही तरी लागणारा पैसा: शेड, विमा, दरवर्षीची तपासणी, एअरवर्दीनेसचे (विमान उडण्यालायक असल्याचे) कागद, एएमईचा पगार किंवा फेऱ्या. दुसरी, तासाची: 172 तासाला 30-35 लिटर ॲव्हगॅस (विमानाचं पेट्रोल) पितं, आणि ते रस्त्यावरच्या पंपावर मिळत नाही. त्याच वहीत इंजिनाच्या ओव्हरहॉलसाठी दर तासाला बाजूला काढायची रक्कम धरा; कंपनीचा हिशेब 2000 तास किंवा 12 वर्षांचा आहे. कमी उडवणाऱ्याला दुसरी वही स्वस्त पडते म्हणून तो खूश असतो. त्याला पहिलीच बुडवते, शिवाय वर सांगितलेला कॅम.

उडवण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी कऱ्हाडचं म्हणून सांगतो. ही धावपट्टी कोयना धरणाच्या कामासाठी 1955 साली झाली, उंची समुद्रसपाटीपासून साधारण 1900 फूट. एप्रिलच्या दुपारी 38 अंशांत विमानाला ती पाच हजार फुटांसारखी लागते. चार माणसं बसवायची हौस सकाळी सातला करा, दुपारी नको. पावसाळ्यानंतर पिटो ट्यूबमध्ये (वेग मोजणारी बारीक नळी) कुंभारीण माशीचं घर आहे का बघा. जुन्या सेसनाच्या टाकीची झाकणं गळतात, तेव्हा उड्डाणाआधी दोन्ही पंखांतून आणि पुढच्या स्ट्रेनरमधून पेट्रोल काढून उजेडात धरा; पाणी तळाला वेगळं दिसतं. नमुना सगळाच बिनरंगाचा दिसला तर ‘पाणी नाही’ म्हणून खूश होऊ नका. 100 एलएल, म्हणजे हेच ॲव्हगॅस, निळसर असतं, तुमच्या हातात बहुतेक नुसतं पाणीच आहे. सांगलीकडच्या मित्रांना कवलापूरला उतरायचं वचन देऊ नका, तो विमानतळ अजून भाषणांतच उडतोय.

एक राहिलं. तुम्ही महिन्यातून दोनदा खरोखर तासभर उडणार असाल, तर वरचं अर्धं विसरा, विमान सुखात राहील. या इंजिनात दोन्ही मॅग्नेटो एकाच खोक्यात, एकाच शाफ्टवर असतात, तेवढं एएमईला विचारून समजून घ्या. नियम डीजीसीएचे (नागरी विमान वाहतूक महासंचालनालय) सध्याचे बघा, माझ्या काळचे नव्हे.

घेण्याआधी इंजिन लॉगबुकची मागच्या तीन-चार वर्षांची पानं मागा. जून ते ऑक्टोबर कोरं दिसलं तर एक सिलिंडर उतरवून कॅम दाखवा म्हणावं. नाही म्हणाला तर उठून या. आणि विकणारा बोलता बोलता “आधीच्या मिस्त्रीनं तेल वाईट घातलं होतं” असं म्हणाला, तर ऑक्टोबरची नोंद शोधा. माझं अक्षर तिरकं आहे, शेवटचं वाक्य खोडलेलं नसेल तर वाचता येईल.