अँटीसेमिटिझम, शिवा, तिक्वा: हे शब्द मराठीत कसे आणावेत?

एका अनुवादक वाचकाने विचारले आहे: ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने इस्रायलवर हल्ला केला, त्यानंतरच्या काळावर एका ज्यू लेखिकेने लिहिलेले मनोगत मराठीत आणतो आहे. 'अँटीसेमिटिझम'ला 'सेमिटिकविरोध' म्हणू का? अरबही सेमिटिकच, मग हा शब्द ज्यूंपुरताच कसा? 'शिवा बसणे' म्हणजे सुतक का? 'तिक्वा' म्हणजे नुसती आशा का? आणि गेलेल्या माणसाच्या नावाआधी 'कै.' लावले तर चालेल का?

पहिल्या प्रश्नापासून सुरू करतो, सगळ्यात जास्त घोळ तिथेच आहे.

'सेमिटिक' हे मुळात भाषांचे नाव. श्ल्योत्सर नावाच्या जर्मन इतिहासकाराने १७८१ मध्ये हिब्रू, अरबी, सिरियाक या एकमेकींच्या बहिणी शोभणाऱ्या भाषांना बायबलमधल्या नोहाच्या शेम या मुलावरून ते दिले. पुढे एकोणिसाव्या शतकात युरोपला भाषांवरून वंश ठरवायची हौस आली (आपल्या 'आर्य' शब्दाचीही त्यात फरफट झाली), आणि 'सेमाइट' नावाचा वंश कागदावर तयार झाला. १८७९ मध्ये विल्हेल्म मार या जर्मन पत्रकाराने ज्यूंच्या विरोधात संघटना काढली, तिचे नाव 'अँटीसेमाइट लीग'. 'अँटीसेमिटिझम' रूढ होण्याचे श्रेय किंवा अपश्रेय मुख्यतः त्याच्याकडे जाते. माराला अरबांशी काही देणेघेणे नव्हते. ज्यूंच्या द्वेषाला जर्मनमध्ये 'युडनहास' असा रोखठोक शब्द आधीपासून होताच, पण त्याला जुन्या धार्मिक वैराचा वास येई. नव्या जमान्यातल्या सुशिक्षित मंडळींना शास्त्रीय वाटेल असा शब्द हवा होता. म्हणजे हा शब्द ज्यूंनी तक्रार म्हणून काढलेला नाही. त्यांचा द्वेष करणाऱ्यांनी तो बिरुदासारखा मिरवला.

त्यामुळे 'अरबही सेमिटिक' हा मुद्दा व्युत्पत्तीने खरा आणि अर्थाने गैरलागू. 'तेल' तिळावरून आले म्हणून शेंगदाण्याच्या तेलाला कोणी हरकत घेत नाही. इंग्रजीत मधली आडवी रेघ काढून हा शब्द सलग लिहायचा आग्रह याचसाठी धरला जातो: 'सेमिटिझम' नावाची कुठली गोष्टच नाही, तर तिचा विरोध कसला? असोशिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने २०२१ मध्ये ती रेघ काढून टाकली. मराठीत 'सेमिटिकविरोध' लिहिणे म्हणजे तीच रेघ पुन्हा ठळक करणे.

मी 'ज्यूद्वेष' लिहितो. 'ज्यूविरोध' वर्तमानपत्रांत दिसतो, पण विरोध मुद्द्याला असतो, द्वेष माणसाला. 'यहुदीद्वेष'ही चालेल, मराठी बायबल वाचणाऱ्यांना 'यहुदी' जवळचा, इतरांना 'ज्यू'. मात्र एका लेखात एकच ठेवा. 'द्वेष' या शब्दाची उणीव एवढीच की त्यातून नुसती भावना कळते, तिच्यामागची कहाणी कळत नाही. आणि ज्यूद्वेषाला कहाणी असतेच: हे लोक थोडे आहेत, पण पडद्याआडून सगळे तेच घडवतात. १३४८-४९ मध्ये युरोपात प्लेग पसरला तेव्हा ज्यूंनी विहिरींत विष कालवल्याची आवई उठली आणि वस्त्यांच्या वस्त्या जाळल्या गेल्या. आज विहिरीच्या जागी बँका आणि माध्यमे आली, बाकी कहाणी तीच.

आता तुमच्या मजकुरात जिथे सर्वाधिक जपून चालायचे ती जागा. इस्रायल सरकारवरची टीका, झायोनवादाला (ज्यूंचे स्वतःचे राष्ट्र हवे या विचाराला) विरोध आणि ज्यूद्वेष यांना मराठीत तीन वेगळे शब्द ठेवा. त्यांच्या सीमा कुठे आखायच्या यावर ज्यूंमध्येच एकमत नाही. २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय होलोकॉस्ट स्मरण आघाडीने ज्यूद्वेषाची एक व्याख्या स्वीकारली. तिच्या उदाहरणांमुळे इस्रायलवरची रास्त टीकाही दाबली जाईल म्हणून अनेक अभ्यासकांनी, ज्यू अभ्यासकांसह, २०२१ मध्ये 'जेरुसलेम जाहीरनामा' काढला. गाझातल्या युद्धात तिथल्या आरोग्य मंत्रालयाच्या मोजणीनुसार ६० हजारांहून अधिक पॅलेस्टिनी मारले गेले. त्यावर संताप व्यक्त करणाऱ्याला ज्यूद्वेष्टा म्हणणे ही शब्दाची उधळपट्टी आहे. पण २ ऑक्टोबर २०२५ ला, योम किप्पुर या ज्यूंच्या पवित्र दिवशी, मँचेस्टरमध्ये प्रार्थनेला जमलेल्यांवर हल्ला झाला, डिसेंबरात सिडनीच्या बाँडाय किनाऱ्यावर हनुक्का या ज्यू सणाच्या कार्यक्रमावर गोळीबार झाला. त्याला 'इस्रायलविरोध' म्हणणे हीसुद्धा लबाडीच. तिथल्या माणसांनी गाझाचे काही ठरवलेले नव्हते. मुंबईत २००८ मध्ये नरिमन हाउस निवडले गेले तेही आतली माणसे ज्यू होती म्हणूनच.

जाता जाता: मराठीत या द्वेषाला घरचा शब्द नाही, कारण ती गोष्टच आपल्या घरची नाही. कोकणातल्या बेने इस्रायलींना, म्हणजे आपल्या मराठी ज्यूंना, शेजारी 'शनवार तेली' म्हणत, कारण ते तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी बंद ठेवत. नावात जात आहे, व्यवसाय आहे, सुट्टीचा वार आहे, वैर नाही. आपल्या सिनेगॉगला, म्हणजे प्रार्थनास्थळाला, ते स्वतः 'मशीद' म्हणत, आणि मुंबईचे मस्जिद स्टेशन १७९६ च्या त्यांच्याच जुन्या मशिदीवरून ओळखले जाते असे सांगतात. बाकी जातिभेद आपल्याकडे भरपूर होता, तेव्हा यावर फार पाठ थोपटून घेऊ नये.

हिब्रूत 'शिवा' म्हणजे सात. दफनानंतर सात दिवस जवळचे नातेवाईक (आईबाप, मुले, भावंडे, नवरा-बायको) घरात बुटक्या आसनांवर बसतात, म्हणून क्रियापद 'बसणे'. अंगातल्या कपड्याची कॉलर किंवा गळा फाडलेला असतो, अनेक घरांत आरसे झाकलेले असतात. दार नुसते लोटलेले, बेल वाजवायची नाही. आलेल्याने आधी बोलायचे नाही. दुःखातल्या माणसाने तोंड उघडले तर बोलायचे, नाही तर गप्प बसून राहायचे. दफनानंतरचे पहिले जेवण घरचे नसते, शेजाऱ्यांनी आणायचे असते, आणि त्यात उकडलेली अंडी किंवा मसूर असतो. आपल्याकडेही मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारून पिठलं-भात येतो, त्यामुळे मराठी वाचकाला हे लगेच ओळखीचे वाटेल. पण म्हणून 'सुतक' लिहू नका. सुतकाचा गाभा अशौच: घरातल्यांनी देवाला शिवायचे नाही, देवळात जायचे नाही. शिवामध्ये उलट प्रार्थनाच घरी येते. किमान दहा जण जमतात आणि शोक करणारा त्यांच्यासमोर कद्दीश म्हणतो. अरामी भाषेतल्या त्या प्रार्थनेत मृत्यूचा उल्लेखसुद्धा नाही, सगळी देवाची थोरवी. सुतकात जग लांब राहते, शिवात ते दारातून आत येते. 'शिवा' तसाच ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे 'सात दिवसांचा शोक' जोडा. आपल्याकडे 'शिवा' हे मुलाचे नाव असल्याने वाचक अडखळेल, म्हणून ही जोड हवीच.

तुम्ही विचारले नाही, पण या काळावरच्या लेखनात आणखी एक शब्द हमखास येतो: 'शकुल'. ज्याचे मूल गेले असा आई किंवा बाप. मराठीत विधवा, विधुर, पोरका हे शब्द आहेत. मूल गेलेल्या आईबापांना मात्र रोजच्या भाषेत नाव नाही. 'पुत्रशोक' दुःखाचे नाव आहे, माणसाचे नव्हे, आणि 'मृतवत्सा' संस्कृत कोशात पडून आहे. हिब्रूत हा शब्द बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकाइतका जुना: धाकट्या बन्यामिनाला मिसरात पाठवताना याकोब म्हणतो, मी शकुल व्हायचा असेन तर होईन. इस्रायलमध्ये 'शकुल कुटुंबे' हा सरकारी कागदावरचाही शब्द आहे. आणि अरबीत मूल गेलेल्या आईला म्हणतात 'थक्ला'. धातू एकच, हिब्रूतला 'श' तो अरबीत 'थ'. 'सेमिटिक' या शब्दाला खरा अर्थ कुठे असेल तर तो इथे, श्ल्योत्सरच्या मूळ भाषिक अर्थाने.

हे नुसते व्याकरण नाही. १९९४ मध्ये हमासने ज्याच्या मुलाला मारले अशा यित्झाक फ्रँकेनथाल या इस्रायली बापाने पुढच्याच वर्षी शोकग्रस्त कुटुंबांचे एक मंडळ सुरू केले. त्यात इस्रायली आणि पॅलेस्टिनी, दोन्हीकडची घरे आहेत आणि प्रवेशाची अट एकच, घरातले कोणी तरी या संघर्षात गेलेले असणे. ७ ऑक्टोबरनंतरही ते बंद पडले नाही. अनुवादात 'शकुल'ला 'मूल गमावलेली आई' असेच उलगडून लिहा. 'शोकाकुल' नको. ते निधनाच्या पत्रिकेतले आहे, तिथे अख्खे मित्रमंडळ शोकाकुल असते.

आता तिक्वा. या हिब्रू शब्दाचा धातू वाट पाहण्याचा. शिवाय बायबलमध्ये 'तिक्वा'चा दुसरा अर्थ दोरी: यहोशवाच्या पुस्तकात राहाब नावाची बाई खिडकीला जी किरमिजी दोरी बांधते तीही तिक्वाच. आशा ही मनात उमटणारी गोष्ट, तिक्वा धरून ठेवायची गोष्ट. तुमच्या लेखिकेच्या काळात हा फरक चांगलाच जाणवतो, कारण तेव्हा आशा आणि शोक यांची गाठ ज्यू धर्मशास्त्राच्या एका कलमात पडली होती.

शिवा दफनानंतर सुरू होते. मग जो बुडाला, ज्याला श्वापदाने नेले, ज्याचा देह सापडतच नाही, त्याचे काय? शास्त्र सांगते, घरच्यांनी शोध घेण्याची आशा सोडली त्या घडीपासून दिवस मोजा. या आशा सोडण्याला शब्द आहे 'येउश'. तालमूद या ज्यू धर्मशास्त्राच्या ग्रंथात हरवलेल्या वस्तूंच्या प्रकरणातही हाच शब्द येतो: मालकाने वस्तूची आशा सोडली की सापडणाऱ्याचा तिच्यावर हक्क. ७ ऑक्टोबरला सुमारे १२०० माणसे मारली गेली आणि २५१ जणांना ओलीस नेले. त्या ओलिसांच्या घरच्यांना रडता तरी कुठे येत होते? शोकाला बसणे म्हणजे येउश, म्हणजे आपल्या हाताने दोरी सोडून देणे.

रेचल गोल्डबर्ग-पोलिन यांचा मुलगा हेर्श नोव्हा संगीत महोत्सवातून निसटून एका निवाऱ्यात लपला होता, तिथून तो पळवला गेला. त्या रोज सकाळी चिकटपट्टीचा एक तुकडा फाडून त्यावर दिवसाचा आकडा लिहायच्या आणि छातीवर लावायच्या. 'आशा ही सक्तीची आहे' असे त्या म्हणत. ऑगस्ट २०२४ मध्ये शिकागोतल्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात नवराबायको व्यासपीठावर होते. या संघर्षात सगळ्याच बाजूंना दुःख उतू जाते आहे, असे सांगून हेर्शचे वडील म्हणाले, दुःखाच्या स्पर्धेत कोणी जिंकत नाही. त्यानंतर दोन आठवडेही झाले नाहीत तोच गाझातल्या रफाह शहराखालच्या भुयारात हेर्शचा आणि आणखी पाच ओलिसांचा मृतदेह सापडला. बायबलमधल्या जखऱ्याच्या पुस्तकात 'आशेचे बंदिवान' असा शब्दप्रयोग आहे. ओलिसांच्या संदर्भात तो दोन्हीकडून लागू पडतो, भुयारातल्यांना आणि घरातल्यांनाही.

म्हणून अशा ठिकाणी 'आशा'पेक्षा 'आस' बरा. 'आस लावून बसणे' म्हटले की वाट पाहणे आपोआप आले. 'आशा' इस्रायलच्या 'हातिक्वा' या राष्ट्रगीतासाठी राखून ठेवा. 'हातिक्वा'तला 'हा' हे नाम निश्चित करणारे उपपद आहे, त्यामुळे 'हा हातिक्वा' वगैरे लिहू नका. या गीतातली 'आमची आशा अजून हरवलेली नाही' ही ओळ म्हणजे बायबलमधल्या यहेज्केलाच्या पुस्तकातल्या सुक्या हाडांना दिलेले उत्तर. ती हाडे म्हणतात, आमची आशा हरवली. यातले 'हरवली' आणि तालमूदमधली हरवलेली वस्तू एकाच धातूतून आले आहेत. नाफ्ताली हेर्ट्झ इंबरने ही कविता १८७० च्या दशकात लिहिली, तेव्हा देशही नव्हता. आज तो आहे, आणि त्या गीतात 'ज्यू जीवाची' तळमळ असल्यामुळे इस्रायलच्या अरब नागरिकांची ते म्हणताना पंचाईत होते. लेखिकेने ही अडचण मांडली असेल तर 'ज्यू' शब्द गाळून तिथे नुसते 'मनाची तळमळ' करू नका, अडचणच नाहीशी होईल.

शेवटी 'कै.'. नको. कैलास ज्यूंचा नाही. मराठीत मुसलमानांना 'पै.' आणि ख्रिस्ती माणसाला 'ख्रिस्तवासी' लावायची रीत आहे, तसे ज्यूंसाठी काही रूढ नाही. 'दिवंगत' पुरे. मूळ मजकुरात मात्र नावामागे काय आहे ते पाहा. साधारणपणे 'झिख्रोनो लिव्राखा' असते, म्हणजे 'त्यांची आठवण आशीर्वाद ठरो', बाईसाठी 'झिख्रोना'. ज्यू म्हणून मारल्या गेलेल्यांच्या नावामागे दुसरे येते: 'हाशेम यिकोम दामो', देव त्यांच्या रक्ताचा सूड घेवो. काहींना त्यात सूडाची हाक ऐकू येते. काही म्हणतात, यातला कर्ता नीट पाहा: सूड देवाने घ्यायचा आहे, माणसाने नाही. लेखिकेने दोन्हींतले जे निवडले असेल ते शब्दशः उतरवा. दोन्हींना सरसकट 'दिवंगत' केलेत तर तिने काय निवडले ते वाचकाला कळणार नाही.