किल्ली मागितलीस का?

पत्र बडोद्यातल्या मांजलपूरहून आलंय. चांगलं तीन पानी आहे, त्यातलं महत्त्वाचं तेवढं देते.

"ताई, मी छत्तीस वर्षांची, बँकेत नोकरी. दुसरा आणि चौथा शनिवार सुटी, म्हणजे महिन्यातून दोनदाच सलग दोन दिवस हाती लागतात. हे हालोलला कंपनीच्या बसने जातात, त्यांनाही तेव्हा सुटी असते. पण ते दोन दिवस जवळ आले की माझ्या पोटात गोळा येतो. ह्यांचं म्हणणं, दोनशे किलोमीटरच्या आत गेलं तर फिरायला गेल्यासारखं वाटतच नाही. वर्षभरात उदयपूर, अबू, सापुतारा आणि दीव झालं. मुलगी सात वर्षांची आहे, तिला गाडी लागते. अबूच्या घाटात दोनदा माझ्या अंगावर ओकली. मी तिला घेऊन मागेच बसते (गाडी मलाही येते, पावसाळ्यात बँकेत मीच नेते, पण हायवेवर कधी मागितली नाही). हे मध्ये कुठे थांबत नाहीत, गूगल दाखवतं त्याच्या आधी पोचायचं असतं. रविवारी रात्री साडेअकराला घरी येतो आणि सोमवारी मी काउंटरवर जांभया आवरत बसते. दोन दिवसांच्या सुटीत किती लांब जावं, याचा काही नियम आहे का? तुम्ही लिहिलंत तर हे ऐकतील. – थकलेली"

अगं बाई,

ते माझं ऐकणार नाहीत. इतकी वर्षं हा स्तंभ लिहिते आहे, कुणाच्या नवऱ्याने कात्रण वाचून सवय बदलल्याचं अजून तरी माझ्या कानावर आलेलं नाही. ती आशा सोड. नियमाचं म्हणशील तर आहे माझा एक, सांगते नंतर. आधी तुझा तो कंस उघडू.

ओकारी, गूगल, साडेअकरा, सोमवार, सगळं तू मोकळेपणाने लिहिलंस. आणि "हायवेवर कधी मागितली नाही" एवढं मात्र कंसात, जाता जाता आठवलं म्हणून लिहिल्यासारखं. मी पत्र पुन्हा वाचलं ते याचसाठी, की ह्यांनी कुठे "नाही" म्हटलंय का ते बघावं. कुठेच नाही. "तुला जमणार नाही" नाही, "ठोकशील" नाही, काही नाही. म्हणजे वर्षभर तू मागच्या सीटवरून त्यांच्या मानेकडे बघत कुढते आहेस, आणि किल्ली मागायला तोंड उघडलेलं नाहीस. मला तुझी दया येत नाही. राग येतोय थोडा.

गाडी लागणं म्हणजे काय, ठाऊक आहे? आतला कान सांगत असतो की आपण हलतोय, वळतोय, आणि डोळ्यांसमोर मात्र सीटची पाठ किंवा मोबाइल, जागच्या जागी. दोघांचं पटत नाही आणि पोट ढवळतं. चालवणाऱ्याला हा त्रास क्वचितच होतो, कारण वळण येणार हे त्याला आधीच माहीत असतं, ते त्याच्याच हातांनी घ्यायचं असतं. तुझ्या मुलीचं ओकारीतून बाहेर येतं, तुझं कुढण्यातून. दुखणं एकच.

आता तुझ्या ह्यांच्याबद्दल. पंधरा दिवस दुसरा कुणी चालवतो त्या बसमध्ये डुलक्या काढायच्या, आणि मग एका शनिवारी स्टिअरिंग आपल्या हातात. दुमाड चोकडी ओलांडून अहमदाबादचा एक्सप्रेसवे लागतो. ९३ किलोमीटर, मध्ये ना स्कूटर, ना छकडो रिक्षा, ना गाय. तिथेच त्यांची सहल सुरू होते आणि अहमदाबाद येईपर्यंत अर्धी वसूलही झालेली असते. उदयपूर हे नावाला. तुझी सहल मात्र फतेहसागरच्या काठावर पोचल्याशिवाय सुरू होत नाही. (दीवला लोक का जातात ते मी विचारत नाही. आपण गुजरातेत राहतो.)

बँकेतली आहेस, तर एकदा हिशोब मांडच. उदयपूर इथून साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. पहाटे पाचला निघायचं ठरतं आणि सातला निघता. गूगल काहीही म्हणो, वाटेत अहमदाबाद, शामळाजी, पोरीचं पोट, टोल धरून अडीच वाजतात. रविवारी साडेचारला परत फिरता, साडेअकराला घरी. मधले तास सव्वीस, त्यातले आठ झोपेचे. उरले अठरा. आणि गाडीत गेले साडेचौदा. इतकं व्याज भरून कर्ज मागायला कुणी आलं तर तू त्याला काउंटरवरूनच परत पाठवशील. पण हा कागद ह्यांच्यापुढे ठेवू नकोस. ज्याला चालवण्यातच मजा येते त्याला ते साडेचौदा तास खर्चात दिसतच नाहीत, तो ते जमेत धरतो.

माझं सांगते. मी त्रेचाळिसाव्या वर्षी लायसन्स काढलं आणि ते तीन वर्षं कपाटात, रेशनकार्डाखाली ठेवलं. विचारलं कुणी की सांगायची, "हे देत नाहीत." ह्यांनी एकदाही नाही म्हटलं नव्हतं. तुझा कंस मला लगेच दिसला तो त्यामुळे. मग ह्यांचा हात मोडला, प्लास्टर पडलं, आणि नेमकं तेव्हाच आत्याबाईंच्या दहाव्याला चांदोदला जायचं आलं. दुसरं कुणी नव्हतं. मी बसले. हे शेजारी, गळ्यात हात अडकवलेला. कपुराई चोकडीपासून त्यांचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत होता. मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत होते, चपलेखालचं पायपुसणं पार गोळा झालं होतं. डभोईच्या अलीकडे छोट्या रेल्वेचं फाटक पडलेलं. फाटक उघडलं आणि माझी गाडी बंद. एकदा, दोनदा, तीनदा. मागे टेंपो बोंबलतोय, पुढे फाटकवाला हात हलवतोय. ह्यांनी एकच शब्द उच्चारला, "क्लच." मी म्हटलं, "गप्प बसा." ते खरंच गप्प बसले आणि गाडी निघाली.

पण मला सांगायचं होतं ते पुढचं. डभोई सोडून जरा पुढे गेलो आणि हे म्हणाले, "अगं, जरा थांबवतेस का कुठे? पाय मोकळे करू." बावीस वर्षांच्या संसारात हा माणूस अहमदाबादपर्यंत कधी थांबला नव्हता. लघवीला थांबा म्हटलं तर "आता आलंच" म्हणायचा. तीस किलोमीटर दुसऱ्याच्या हाती बसला आणि पाय आखडले! मी थांबवली, लिंबाखाली. त्यानंतर आम्ही कुठेही गेलो तरी चहाला थांबतो. त्यासाठी मला भाषण द्यावं लागलं नाही, हिशोबही मांडावा लागला नाही.

तेव्हा येत्या सुटीच्या शनिवारी गाडी तू चालवायचीस. चांदोदला. पन्नास-पंचावन्न किलोमीटर.

हे म्हणतील, "चांदोद? कोण गेलं?" बडोद्याच्या मराठी घरात चांदोदचं नाव काढलं की हेच विचारतात, कारण आपण तिथे कलश घेऊनच जातो, घाटावर विधी उरकून मान खाली घालून परत येतो. वर मान करून नर्मदा बघितलेली माणसं आपल्यात थोडी. ओरसंग तिथे नर्मदेला मिळते, तिसरी सरस्वती गुप्त, म्हणून त्रिवेणी. होडी करा, भाव आधी ठरवून. संगमावर होडीवाला वल्हं थांबवतो तेव्हा पाण्याचा आवाज येतो, तो मुलीला ऐकू दे. फक्त अमावास्या नाही ना ते कालनिर्णयात बघ. पलीकडे करनाळीला कुबेरभंडारीचं देऊळ आहे, त्या दिवशी मुंगीला वाट मिळत नाही.

जायचं कसं, तर सोमा तळावावरून कपुराई चोकडी. तुझा तो हायवे तुला तिथे फक्त ओलांडायचाय, बाई, त्याच्यावर चढायचंसुद्धा नाही. पुढचा डभोई रस्ता केवडियाच्या पुतळ्यापायी आता चांगला रुंद झालाय. डाव्या लेनमध्ये राहा आणि ज्यांना घाई आहे त्यांना जाऊ दे. डभोईहून मियागामला १८६२ साली गायकवाडांची छोटी रेल्वे सुरू झाली तेव्हा डबे बैल ओढत होते. त्या मुलखात हळू चालवल्याची कुणाला लाज वाटायला नको.

थंडी आहे, तर डभोईजवळ वढवाणा तलावावरही जाऊन या. गायकवाडी काळात शेतीच्या पाण्यासाठी बांधलेला तलाव, २०२१ साली पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादीत आला. हिमालय ओलांडून पट्टकादंब येतात तिथे, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले. सकाळी लवकर जा, ऊन चढलं की ते लांब सरकतात. ह्यांना सांग, हे पक्षी लांबचा प्रवास करतात, पण पोचल्यावर चार महिने राहतात.

बसायचं कसं तेही ठरवून टाकते. मी ह्यांना शेजारी बसवलं ती चूक होती. तू ह्यांना मागे बसव, मुलीबरोबर. प्लास्टिकची पिशवी त्यांच्या हातात, ओला नॅपकिन त्यांच्या मांडीवर. मुलीला निघताना फाफडा-जलेबी नको, कोरडी पोळी दे. मोबाइल नको, खिडकी उघडी ठेव आणि लांबचं झाड बघायला सांग. डभोईच्या हिरा भागोळीजवळ थांबा, लागो न लागो. त्या वेशीवरची दगडातली नक्षी मुलीने एकदा जवळून बघावी. आणि तेवढ्यात हे पाय मोकळे करायला उतरतात की नाही, ते मला कळव.

तू नियम मागितला होतास. माझा नाटकाचा नियम आहे. एका रात्रीच्या मुक्कामाला जायचं तर एका मध्यंतराचा प्रवास: दोन अंक, मध्ये एकदा चहा आणि बटाटावडा, अडीच तासांत पडदा पडला पाहिजे. त्यात पावागड-चांपानेर बसतं, जांबुघोडा बसतं, नारेश्वर बसतं, टेंबेस्वामींचं गरुडेश्वर आणि तिथून पुढे केवडियाही बसतं (पुतळा सोमवारी बंद असतो, तुम्हाला त्याची अडचण नाही). उदयपूर, अबू, दीव ही संगीत नाटकं आहेत, रात्रभर चालणारी. ती जोडून तीन-चार दिवस मिळाले की बघा, मी अडवत नाही. दिवाळीत अबूला जा, आणि घाटाखालपर्यंत तू चालव.

पण हा नियम ह्यांना इतक्यात ऐकवू नकोस. तू आजवर एकदाही हायवेच्या पलीकडे गाडी नेलेली नाहीस, तोवर तुझ्या तोंडचा "जवळ जाऊ या" त्यांना फक्त कुरकुर म्हणूनच ऐकू येणार. आणि खरं सांगू, मलाही तो तुझ्या पत्रात तसाच ऐकू आला. चार वेळा चालवून ये. मग कदाचित तूच म्हणशील, चला, सापुताऱ्यापर्यंत मी नेते. म्हणालीस तर मला नवल वाटणार नाही, आणि मग तुझ्या ह्यांचं पत्र माझ्याकडे येईल.

मागायची कशी, हेही तुला सांगायला हवं का? शुक्रवारी जेवण झाल्यावर, भांडी आवरताना, सहज आवाजात: "उद्या गाडी मी चालवणार आहे, चांदोदला." 'चालवू का' नाही. आधी दहा मिनिटं प्रस्तावना नाही, मुलीच्या तब्येतीचा आडोसा नाही, माझं नावही नाही. ते म्हणतील, "हायवेच्या पलीकडे?" तू म्हण, "हो." ते म्हणतील, "मी असताना?" तू म्हण, "तुम्ही असताना." मग ताटं पुसायला घे.

आणि बँकेतून येताना शुक्रवारीच पेट्रोल भर आणि चारही चाकांची हवा बघून घे. शनिवारी सकाळी हवा भरायला म्हणून हे "दोन मिनिटं" गाडी घेऊन गेले, की किल्ली त्यांच्या खिशात गेली आणि तू मागच्या सीटवर.