गेमच्या आत शिरायचंय, पण असेंब्ली बघितली की डोकं गरगरतंय

प्रश्न: सर नमस्कार. मी खानापूर तालुक्यातला, डिप्लोमा करायलोय, रोज बेळगावला येऊन-जाऊन. दहावीपर्यंत मराठी मीडियम. मला गेम मॉडिफाय करायला शिकायचंय. चीट इंजिन (चालू गेमच्या मेमरीतले आकडे शोधून बदलायचं सॉफ्टवेअर) घेऊन एका ऑफलाइन गेममधले पैसे वाढवले, लै भारी वाटलं, पण गेम बंद करून परत चालू केला की त्या अॅड्रेसवर भलतंच काहीतरी. मित्र म्हणाला असेंब्ली, म्हणजे प्रोसेसरला थेट आज्ञा द्यायची भाषा, शिकल्याशिवाय काय खरं नाही, म्हणून एक जाडजूड पुस्तक उघडलं तर सगळं डोक्यावरनं गेलं. कॉलेजात ८०५१ हा मायक्रोकंट्रोलर शिकवलाय पण तो एलईडी लुकलुकवायला, त्याचा इथं काय उपयोग होतो का? आणि सुरुवात नेमकी कुठनं करू?
– एक वाचक, खानापूर

उत्तर: होतो की उपयोग! एलईडी लावताना तू डीजेएनझेड वापरून डिले लूप लिहिलाच असशील, म्हणजे रजिस्टरमधला (प्रोसेसरच्या आतल्या छोट्या जागेतला) आकडा एकेक कमी करायचा आणि शून्य झाला का बघायचं. गेममध्ये जीव कमी होतो ते याच जातीचं काम आहे, त्यामुळं तू अगदी कोरा नाहीस.

आधी तुझ्या गायब झालेल्या अॅड्रेसचं बघू. गेम चालू होताना तो विंडोजकडं मेमरी मागतो आणि विंडोज जिथं मोकळी असेल तिथली देतं, दरवेळी तीच जागा मिळेल असं नाही. शिवाय विंडोज व्हिस्टापासून एएसएलआर आलंय, म्हणजे प्रोग्रॅम स्वतःच मेमरीत कुठं बसणार ती जागासुद्धा मुद्दाम बदलली जाते. मग गेमला स्वतःला आपले पैसे कसे सापडतात? तर पॉइंटरमुळं. शहापूरच्या एखाद्या गल्लीत भाडेकरू सारखी खोली बदलत असला तरी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला ठाऊक असतं तो सध्या कुठं राहतोय, तसं प्रोग्रॅमच्या सुरुवातीपासून ठरलेल्या अंतरावर एक जागा असते आणि तिच्यात पैशाचा आत्ताचा अॅड्रेस लिहिलेला असतो. चीट इंजिनमध्ये असले पक्के अॅड्रेस हिरव्या रंगात दिसतात, ते शोधायचे. कधी कधी मधे तीन-चार पॉइंटर ओलांडून जावं लागतं एवढंच.

पण माझं खरं म्हणणं वेगळं आहे. तू आत्तापर्यंत आकडा कुठं ठेवलाय तेवढंच शोधलंस, तो आकडा कोण बदलतंय ते बघितलं नाहीस. असेंब्ली लागते ती या दुसऱ्या कामाला, आणि त्यासाठी सगळं पुस्तक पाठ करायची अजिबात गरज नाही, एक इन्स्ट्रक्शन, म्हणजे प्रोसेसरला दिलेली एक आज्ञा, पूर्ण समजून घेतली की पुढची आपोआप सोपी होत जाते. म्हणून मी सांगेन की लॅपटॉपमधल्या इंटेल प्रोसेसरवर एकदम उडी मारू नकोस, आधी जुनं छोटं मशीन घे.

नव्वदच्या दशकात आपल्याकडं बऱ्याच घरांत टीव्हीला लावायचा कॅसेटवाला व्हिडिओ गेम असायचा. ते जपानच्या फॅमिकॉम या गेम मशीनचे नकली भाऊ. त्यातला प्रोसेसर ६५०२ च्या घराण्यातला, हिशोबाला रजिस्टर तीनच, ए, एक्स आणि वाय, इन्स्ट्रक्शन ५६ आणि रॅम फक्त २ केबी. अॅड्रेस कधीच हलत नाहीत! एफसीईयूएक्स नावाचा फुकट एम्युलेटर (ते जुनं मशीन लॅपटॉपवर चालवणारा प्रोग्रॅम) मिळतो, त्यात रॅम सर्च, मेमरीतले बाइट बघून बदलायला हेक्स एडिटर आणि प्रोग्रॅम थांबवून आत बघायला डीबगर सगळं आहे.

त्यावर १९८५ चा सुपर मारिओ ब्रदर्स घेऊन बस. स्क्रीनवर जीव ३ दिसतात म्हणून तू ३ शोधशील आणि फसशील, कारण मेमरीत तिथं २ असतात, दाखवताना गेम एक मिळवून दाखवतो. म्हणून आकडा शोधायच्या ऐवजी आधीपेक्षा कमी झालेली व्हॅल्यू शोधायची सवय लाव, हे पुढं जन्मभर उपयोगी पडतं. शोधत गेलास की ०७५ए (हे हेक्स आकडे, त्यात ९ च्या पुढं ए ते एफ येतात) हा अॅड्रेस मिळेल. आता त्याच्यावर राइट ब्रेकपॉइंट लाव, म्हणजे तिथं काही लिहिलं गेलं की गेम थांबेल, आणि मारिओला खड्ड्यात टाक. गेम थांबेल आणि डीबगरमध्ये दिसेल डीईसी ०७५ए, म्हणजे त्या जागेतला आकडा एकनं कमी कर. मेमरीत हेच तीन बाइट आहेत, सीई ५ए ०७. अॅड्रेस उलटा दिसतोय बघ, लहान बाजू आधी, याला लिटल एंडियन म्हणतात आणि तुझ्या लॅपटॉपवरही असंच असतं.

आता त्यातला पहिला बाइट सीई चा एडी कर. एडी म्हणजे एलडीए, म्हणजे आकडा फक्त वाचून ए मध्ये आण, कमी करू नकोस. झाले जीव अमर! गेम जिनी नावाचं जे कॅसेटला जोडायचं यंत्र १९९० साली आलं त्याच्या एसएक्सआयओपीओ या कोडमध्ये हाच एक बाइट बदललेला आहे, पोरं ती सहा अक्षरं टाइप करायची आणि आत नेमकं हे व्हायचं. मला ही गोष्ट अजून पण फार सुंदर वाटते.

आणि त्याच्या पुढची इन्स्ट्रक्शन पण वाच, बीपीएल, म्हणजे आकडा निगेटिव्ह नसेल तर खेळ चालू ठेव. यावरनं ध्यानात येईल की मेमरीतले जीव १२८ च्या वर नेले तर मेल्या मेल्या गेम ओव्हर का होतो, एका बाइटमध्ये १२८ पासून पुढचे आकडे साइन बिटमुळं (सगळ्यात वरच्या बिटमुळं) निगेटिव्ह धरले जातात. नुसता आकडा बदलणाऱ्याला हे कधीच कळलं नसतं.

एवढं झालं की मग चीट इंजिनकडं परत ये, त्याच्यासोबत नऊ पायऱ्यांचं ट्युटोरियल येतं ते घाई न करता कर. पाचव्या पायरीवर तू मारिओत केलंस तेच काम आहे, अॅड्रेसवर कोण लिहितंय ते शोधायचं आणि ती इन्स्ट्रक्शन नॉप करायची, म्हणजे तिच्या जागी काहीच न करणारी आज्ञा ठेवायची. नॉपचा बाइट ९०. पण इंटेलवर इन्स्ट्रक्शनची लांबी सारखी नसते, तीन बाइटची असली तर तीन वेळा ९०, सहाची असली तर सहा वेळा, अर्धवट ठेवलंस तर उरलेले बाइट प्रोसेसर नवीन इन्स्ट्रक्शन समजून वाचतो आणि गेम आपटतो. नववी पायरी तर टाळूच नको, तिथं दिसतं की तुझी हेल्थ कमी करणारा कोड आणि शत्रूची हेल्थ कमी करणारा कोड एकच आहे, नॉप केलंस तर दोघंही अमर. मग मारणारा कोण, मरणारा कोण हे ओळखायला तुला स्वतः सीएमपी (दोन आकडे ताडून बघणारी) आणि जंप (कोडमध्ये दुसरीकडं नेणारी) लिहावी लागते आणि खरी असेंब्ली तिथं सुरू होते. हेल्थ सापडत नसेल तर फ्लोट, म्हणजे दशांश आकडा, म्हणून शोध, १००.० हा फ्लोट मेमरीत ०० ०० सी८ ४२ असा असतो, साध्या १०० शी त्याचं काही नातं दिसत नाही.

इंग्रजीचं टेन्शन घेऊ नकोस. वहीत डावीकडं इन्स्ट्रक्शन आणि उजवीकडं ती काय करते ते आपल्या मराठीत लिही, मूव्ह, अॅड, सब, कंपेअर, जंप, कॉल, पुश, पॉप एवढ्यावर पुष्कळ कोड वाचता येतो.

प्रश्न: माझा मुलगा बारावीला आहे, रात्री लॅपटॉपवर नुसते आकडे आणि अक्षरं बघत बसायलाय, विचारलं तर म्हणतो गेमची मेमरी बदलायलोय. अँटीव्हायरस सारखा धोका दाखवतोय. हा गुन्हा तर नव्हे?
– एक आई, निपाणी

उत्तर: ताई, तो स्वतःच्या लॅपटॉपवर एकट्यानं खेळायच्या गेममध्ये हे करत असेल तर तो अभ्यासच करतोय, मनापासून सांगतो. ऑनलाइन गेममध्ये मात्र अजिबात नको, तिथं समोर दुसऱ्याची पोरं खेळत असतात आणि ती फसवणूक होते. पैसे, नाणी सर्व्हरवर असतात त्यामुळं बदलून उपयोगही होत नाही आणि अकाउंट कायमचं बंद होतं. अँटीव्हायरस ओरडतो कारण दुसऱ्या प्रोग्रॅमच्या मेमरीत हात घालणं हे व्हायरसचंही काम असतं, त्यामुळं असल्या टूलवर तो संशय घेतोच, पण व्हिडिओच्या खाली लिंक देऊन वाटलेले तयार ट्रेनर, म्हणजे गेम आपोआप बदलून देणारे छोटे प्रोग्रॅम, खरंच धोक्याचे असू शकतात, ते मात्र त्याला घेऊ देऊ नका. आणि बारावीची परीक्षा आहे तेव्हा रात्रीची वेळ तुम्ही ठरवून द्या, ते तुमच्या हातात आहे.

प्रश्न: लॅपटॉप नाही, फक्त मोबाईल आहे. तरी असेंब्ली शिकता येईल का?
– एक वाचक, वडगाव, बेळगाव

उत्तर: येईल. ईझी ६५०२ नावाचं एक फुकट ट्युटोरियल ब्राउझरमध्येच चालतं, काही इन्स्टॉल करायला नको, त्यात शेवटी सापाच्या गेमचा पूर्ण कोड दिलाय. मोबाईलवर टाइप करायला जरा त्रास होईल, पण शेजारी वही ठेव. त्या कोडच्या शेवटी एक लूप आहे, एक्समध्ये ० घालून एकेक कमी करत परत ० येईपर्यंत फिरणारा, आणि शून्यातनं एक वजा केला की बाइट २५५ होतो म्हणून तो २५६ वेळा फिरतो. लूपमध्ये दोन नॉप आहेत, तिथं आणखी चार-पाच नॉप घाल आणि साप किती हळू होतो ते बघ, मग काढून बघ.