२००७ च्या इनोव्हातून लाल तेल गळते. पॉवर स्टिअरिंगची पूर्ण रॅक बदलावी लागेल का?

सकाळी गाडीखाली लाल तेलाचे थेंब दिसतात, स्टिअरिंगच्या तेलाच्या टाकीत आठवड्याला थोडे तेल घालावे लागते आणि गॅरेजवाल्यांनी पूर्ण रॅकचा, म्हणजे स्टिअरिंगचे वळण चाकांपर्यंत पोहोचवणाऱ्या आडव्या भागाचा, खर्च सांगितला आहे, असे तुम्ही लिहिले आहे. गळती नेमकी कुठून सुरू होते हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय रॅक बदलण्यास होकार देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. माझ्याकडे याच पिढीची डिझेल इनोव्हा आहे आणि तिच्यातही रॅकच तेलाने माखलेली दिसत होती. प्रत्यक्षात दोष निघाला तो वरच्या पाइपात.

आधी गळणारा द्रव स्टिअरिंगचाच आहे याची खात्री करावी. इनोव्हाच्या पॉवर स्टिअरिंगमध्ये डेक्सरॉन प्रतीचे लाल एटीएफ (मुळात ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससाठीचे तेल) असते, पण टोयोटाचा कूलंटही (इंजिन थंड ठेवणारा द्रव) लाल किंवा गुलाबी असतो. रात्री गाडीखाली वर्तमानपत्र पसरून ठेवावे. कूलंटचा डाग पाण्यासारखा पसरून वाळतो, तर तेलाचा डाग कागद पारदर्शक करतो आणि तसाच राहतो. तुमच्या टाकीतील पातळी खाली जात असल्यामुळे ते तेलच असण्याची शक्यता अधिक आहे.

या व्यवस्थेत पाइप तीन असतात. टाकीतून पंपाकडे तेल नेणारा जाड पाइप, पंपातून रॅककडे जाणारा दाबाचा पाइप आणि रॅककडून टाकीकडे परतणारा पाइप. टाकीकडच्या दोन्ही पाइपांत दाब फारसा नसतो. दाबाच्या पाइपात मात्र स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवून धरले की दाब साधारणपणे ७० ते १०० बारपर्यंत चढतो. टायरमध्ये आपण जी हवा भरतो ती जेमतेम सव्वादोन बार असते. म्हणूनच गाडी उभी असताना कोरडा दिसणारा पाइप पार्किंगमध्ये चाके वळवताना गळू लागतो, आणि गळलेले तेल वाऱ्याने मागे ढकलले जाऊन सर्वांत खालच्या भागावर, म्हणजे रॅकवर, जमा होते.

तपासणीसाठी पंप, पाइप आणि रॅक डीग्रीझरने (तेलकटपणा काढणाऱ्या द्रवाने) स्वच्छ धुऊन पूर्ण कोरडे करावेत. मग इंजिन सुरू करून दुसऱ्या व्यक्तीला स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत हळूहळू वळवण्यास सांगावे. टोकाला पाच सेकंदांहून जास्त धरू नये, कारण पंप तापतो. टॉर्चच्या उजेडात पाहावे ते विशेषतः रबर आणि लोखंडी नळी यांना जोडणाऱ्या, दाबून बसवलेल्या धातूच्या कड्याकडे. माझ्या गाडीत स्टिअरिंग टोकाला पोहोचले की त्या कड्याच्या खालच्या कडेवर मोहरीएवढा लाल थेंब फुगत असे आणि चाके सरळ केली की तिथेच थांबत असे. या वेळी गळती शोधण्यासाठी बोट फिरवू नये. दाबाखालची बारीक धार त्वचा भेदून आत शिरू शकते आणि अशी जखम बाहेरून क्षुल्लक दिसली तरी तिला तातडीची शस्त्रक्रिया लागू शकते. पुठ्ठ्याचा तुकडा जवळ धरला तरी काम होते.

रॅकची परीक्षा सोपी आहे. तिच्या दोन्ही टोकांना रबरी घडीचे बूट असतात. त्यांची आतली क्लिप सैल करून बूट थोडा सरकवावा. आतून तेल ओघळले तर रॅकचे सील गेले आहे आणि गॅरेजवाल्यांचे म्हणणे बरोबर आहे. बूट आतून कोरडे असतील आणि स्टिअरिंगचा दांडा रॅकमध्ये शिरतो तिथूनही तेल येत नसेल तर रॅकला हात लावण्याचे कारण नाही.

परतीचा पाइप गळत असेल तर काम किरकोळ आहे: त्याच मापाचा, तेलाला टिकणारा पाइप आणि नव्या क्लिपा. पाण्याचा किंवा रेडिएटरचा पाइप तिथे चालत नाही, कारण तेलाने तो फुगून मऊ पडतो.

दाबाच्या पाइपासाठी दोन मार्ग आहेत. कंपनीचा नवा पाइप महाग पडतो, पण मिळत असेल तर मी तोच घेईन. न मिळाल्यास जेसीबी आणि ट्रॅक्टरचे हायड्रॉलिक पाइप बनवणारे दुकानदार, जे बहुतेक औद्योगिक वसाहतींच्या आसपास असतात, जुन्या लोखंडी टोकांवर नवे रबर क्रिंप करून (धातूचे कडे दाबून बसवून) देतात. जुना पाइप सोबत न्यावा, लांबी आणि टोकांचा कोन तंतोतंत तोच ठेवण्यास सांगावे आणि पाइप स्टिअरिंगच्या दाबाला व तापलेल्या एटीएफला चालेल हे विचारून घ्यावे. फार ताठ पाइप घेतला तर इंजिनाच्या हालचालीने टोकांवर ताण येतो आणि मूळ पाइप पंपाचे जे धक्के शोषून घेतो ते न शोषल्याने गुणगुण ऐकू येऊ शकते. कड्याभोवती एम-सील लावणे किंवा टेप गुंडाळणे हा या दाबापुढे उपाय नव्हे.

पाइप बसवताना त्याचे टोक जोडणाऱ्या पोकळ बोल्टावर, टोकाच्या दोन्ही बाजूंचे वॉशर नवेच घालावेत. पाइप एक्झॉस्टला किंवा बेल्टला घासणार नाही असा मूळ क्लॅम्पमध्येच अडकवावा, कारण तापलेल्या एक्झॉस्टवर सांडलेले एटीएफ पेट घेऊ शकते.

नंतर हवा काढणे महत्त्वाचे. पुढची चाके स्टँडवर उचलून, इंजिन बंद ठेवून, स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत पंधरा-वीस वेळा सावकाश फिरवावे आणि टाकीतील पातळी खाली जाऊ देऊ नये. त्यानंतरच इंजिन सुरू करून हीच क्रिया थोडी करावी. तेलावर फेस आला तर इंजिन बंद करून तो बसू द्यावा. पातळी कमी आहे म्हणून ब्रेक ऑइल कधीही घालू नये; त्याने सगळी सील फुगून निकामी होतात आणि मग खरोखरच रॅक बदलावी लागते.

दुरुस्ती होईपर्यंत गाडी घाटात नेऊ नका. तेल संपल्यावरही चाके वळतात, पण स्टिअरिंग एकदम जड होते आणि कोरडा फिरणारा पंप लवकर खराब होतो.