पूररेषेतलं घर आणि अडकलेला इसार

प्रश्न : चिपळूणच्या बाजारपेठेलगतचं एक जुनं बैठं घर आसपासच्या भावापेक्षा स्वस्त मिळत होतं. ते पाडून नवं बांधायचं होतं. मालकांनी व्हॉट्सअॅपवर कळवलं, "दोन मजल्यांची परवानगी सहज मिळेल." मी ३ लाख इसार देऊन साठेखत केलं. आता कळतंय, घर निळ्या पूररेषेच्या आत आहे. मालक म्हणतात, पूर साऱ्या गावाला माहीत आहे, व्यवहार मोडलात तर इसार विसरा.

उत्तर : ताई, खरेदीखतावर सही करू नका. आणि "मला आता घर नको" असंही लिहून देऊ नका. करार तुम्ही मोडलात असं दिसलं, तर इसार जप्त करण्याचा त्यांचा दावा बळकट होईल.

मालकांच्या बोलण्यात तथ्य आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ नुसार, खरेदीदाराला साध्या चौकशीत कळणार नाही असा दोष विक्रेत्याने सांगायलाच हवा. पण २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं, हे ठाऊक नव्हतं असं कोणतं न्यायालय मानेल? पूररेषेचे नकाशेही सरकारदरबारी पाहता येतात. म्हणून नोटिशीचा भर "पूर लपवला" यावर नको.

भर हवा तो त्या व्हॉट्सअॅप संदेशावर. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून सरासरी एकदा येणाऱ्या पुराची पातळी, लाल रेषा १०० वर्षांच्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नव्या घराला परवानगी मिळत नाही. जुनं बांधकाम अधिकृत असेल, तरच जलसंपदा विभागाच्या ना हरकतीने, लाल रेषेच्या पातळीहून उंचावर पुनर्बांधणीला वाव असतो. तेव्हा नगर परिषदेतून मूळ बांधकाम परवानगीची प्रत आणि जागेचा झोन दाखला काढा. पूररेषेबद्दल जलसंपदा विभागाकडून लेखी घ्या. परवानगी सापडली नाही, तर नव्या बांधकामाची वाटच बंद, आणि तुम्ही पैसे मोजताय ते फक्त जुन्या भिंतींचे.

परवानगी मिळणार नाही हे माहीत असूनही मालकांनी तसं लिहिलं असेल, तर ती फसवणूक आहे. भारतीय करार अधिनियमाच्या कलम १९ नुसार तुम्ही करार रद्द करू शकता, आणि "चौकशी का केली नाही" हा बचाव अशा उघड खोट्यापुढे टिकत नाही. त्यांचाच गैरसमज होता असं निघालं, तर मात्र तो प्रश्न तुम्हाला विचारला जाईल. योग्य कारणाने खरेदी नाकारलीत, तर कलम ५५ नुसार इसारासाठी त्या घरावर तुमचा बोजा राहतो, म्हणजे घर दुसऱ्याला विकण्याआधी त्यांना विचार करावा लागेल.

महारेराकडे जाऊ नका. खाजगी मालकाच्या जुन्या घराच्या विक्रीत ते लक्ष घालत नाही, उगाच महिने जातील. तो संदेश आहे तसा जपा, फोन बदलू नका, साठेखत आणि पैसे दिल्याचा पुरावा घेऊन चिपळूणमधल्याच दिवाणी वकिलाकडून नोटीस पाठवा. मालकांनी निम्मा इसार परत देऊन मिटवू म्हटलं, तर दाखले हाती येईपर्यंत हो म्हणू नका.