इंजिन उघडलंच आहे, तर काय काय बदलू?

प्रश्न : ताई, माझी १५० सीसीची, एका सिलिंडरची, एअर-कूल्ड मोटरसायकल १,१०,००० किलोमीटर पळाली आहे. इंजिन आजवर एकदाही उघडलेलं नाही. आता हजार किलोमीटरला जवळपास अर्धा लिटर ऑइल पिते, चढावर रेस दिली की निळा धूर मारते, टायमिंग चेनच्या बाजूने खडखड येते आणि खालून एक बारीक घरघर ऐकू येते. एक मेकॅनिक म्हणतो, हाफ इंजिन करा, बोअर-पिस्टन बदलला की झालं. दुसरा म्हणतो, फुल इंजिनच काढा, म्हणजे खालचा भागही उघडा. मला ही गाडी विकायची नाही, लांबचे प्रवास करायचे आहेत. म्हणून कामासोबत फोर्ज्ड पिस्टन, ऑइल कूलर, कडक क्लच स्प्रिंगा आणि टायमिंग चेनचा मॅन्युअल टेन्शनरही टाकून घ्यावा असं मनात आहे. काय करू?

उत्तर : हाफ की फुल, हे मेकॅनिकने नाही, इंजिनने सांगायचं असतं. म्हणून पाना लावण्याआधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजून घ्या. इंजिन गरम, थ्रॉटल पूर्ण उघडा. आकडा कमी आला, तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडा आणि पुन्हा मोजा. आकडा चढला तर पिस्टनच्या रिंगा आणि बोअर (सिलिंडरची आतली भिंत) झिजलेत. तसाच राहिला तर गळती व्हॉल्व्हपाशी आहे. तुमचा धूर रेस दिल्यावर येतो, म्हणजे माझा पहिला संशय रिंगांवर. सकाळी सुरू करताच किंवा उतारावर थ्रॉटल सोडून पुन्हा दिल्यावर भपका आला असता, तर व्हॉल्व्हच्या सीलकडे बोट दाखवलं असतं.

घरघरीचाही छडा लावा. चालत्या गाडीत क्लच दाबून इंजिन आयडलवर येऊ द्या. आवाज गाडीच्या वेगाबरोबर टिकून राहिला, तर तो चाकाचा, चेनचा किंवा गिअरबॉक्सच्या बाहेरच्या शाफ्टचा. इंजिनचे फेरे उतरताच तोही उतरला, तर क्रँकच्या (पिस्टनची धाव फेऱ्यांत बदलणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगवर संशय घ्या आणि मग फुल इंजिनला पर्याय नाही.

बेअरिंग ठीक निघाली, तरी हेड आणि ब्लॉक उतरल्यावर एक तपासणी स्वतः उभं राहून करून घ्या. पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड वरच्या टोकाला आणून दोन्ही हातांनी सरळ वर-खाली ओढा. बाजूला थोडा सरकतो, तो सरकायलाच हवा. पण वर-खाली हाताला जाणवेल इतकाही ढिलेपणा असेल, तर बिग एंड, म्हणजे रॉडचं क्रँककडचं बेअरिंग, गेला. अशा रॉडवर नवा बोअर-पिस्टन बसवू नका. नव्या पिस्टनमुळे कॉम्प्रेशन पूर्ण परत येतं आणि तो सगळा दाब त्याच थकलेल्या बेअरिंगवर पडतो. मग वरचं नवं काम खालच्या जुन्यापायी वाया जातं.

आता तुमच्या यादीकडे येते. प्रत्येक भागाला मी दोनच गोष्टी विचारते. याच्यापर्यंत पुन्हा पोचायला किती उघडावं लागेल? आणि हा गेला तर सोबत काय काय घेऊन जाईल? जो भाग खोल आहे आणि इतरांनाही बुडवतो, तो चांगला दिसला तरी बदला. जो बाहेरून एका तासात निघतो, त्याला मोजा, आणि मापात असेल तर राहू द्या.

या हिशेबाने क्रँककेस (इंजिनचा खालचा डबा) उघडलीच, तर आतली सगळी बेअरिंग बदला. क्रँकची, गिअरबॉक्सच्या दोन्ही शाफ्टची आणि बॅलन्सर (कंपन कमी करणारा शाफ्ट) असेल तर त्याचीही. धुऊन हाताने फिरवल्यावर बेअरिंग छान वाटतं, पण त्यावर विसंबू नका. त्याला भार आणि उष्णता मिळालेली नसते. क्रँकसाठी कंपनीने सांगितलेल्या क्लिअरन्सचंच बेअरिंग घ्या. बहुतेक ठिकाणी ते सी-३ (आत नेहमीपेक्षा जास्त फटीचं) असतं, कारण गरम झाल्यावर आतली फट कमी होते. बसवताना केस साधारण १०० अंशांपर्यंत तापवली की बेअरिंग जवळजवळ आपोआप उतरतं. हातोडीने आतल्या रिंगवर ठोकून केसमध्ये बसवणाऱ्याला तिथेच थांबवा. तो धक्का गोळ्यांमधून जातो आणि नवं बेअरिंग पहिल्या दिवशीच जखमी होतं.

रॉड बदलायचा तर क्रँक प्रेसवर उघडावा लागतो. इथे माणूस निवडून घ्या. नवी क्रँकपिन दाबताना तिचं ऑइलचं भोक क्रँकमधल्या वाटेसमोर अचूक यायला हवं. नंतर क्रँक सेंटरवर लावून डायल गेजने रनआउट (फिरताना किती डुलतो ते) बघायचा. सर्व्हिस मॅन्युअलमधली मर्यादा मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत असते. डायल गेज नसलेल्या जागी क्रँक दाबून घेण्यापेक्षा थांबलेलं बरं.

गिअरबॉक्स उघडा आहे तोवर गिअरच्या डॉगच्या (एकमेकांत अडकणाऱ्या दातांच्या) कडा आणि गिअर सरकवणाऱ्या शिफ्ट फोर्कची टोकं बघून घ्या. कडा गोल झाल्या असतील तर गिअर निसटणारच. सेल्फ-स्टार्टच्या क्लचचे रोलर, किकची स्प्रिंग आणि सगळी ऑइल सीलही याच वेळी. सीलचा विचारसुद्धा करू नका, सरसकट बदला.

ऑइल पंपाकडे फार कमी लोक बघतात, याची मला खरोखर चिंता वाटते. दोन रोटरमधली फट फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पात्यांनी) मोजा, पंपाच्या झाकणावर आतून चरे आहेत का बघा. शंका आली तरी बदला. पंप गेला की कॅमशाफ्ट, पिस्टन आणि बिग एंड एकाच वेळी जातात.

बोअरचं माप वर, मध्ये आणि खाली, प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी घ्या. सगळ्यात जास्त झीज वरची रिंग जिथून माघारी वळते त्याच्या जरा खाली सापडेल, कारण तिथे दाब सर्वाधिक आणि ऑइल सर्वांत कमी. ०.२५ मिलिमीटरच्या ओव्हरसाइजमध्ये (पिस्टन आणि बोअर तितकेच मोठे करून) बोअर साफ होत असेल, तर ०.५०वर उडी मारू नका. पुढचं एक काम हातात राहतं. आणि क्रम लक्षात ठेवा : आधी पिस्टन आणायचा, त्याचं माप घ्यायचं आणि मग त्याच्यासाठी बोअर कापायचा. बोअरला निकेलचा लेप असेल तर मात्र तो कापता येत नाही. तिथे ब्लॉक बदलावा लागतो किंवा पुन्हा लेप द्यावा लागतो. होनिंगनंतर (बोअर दगडाने बारीक घासल्यावर) ब्लॉक गरम पाण्याने आणि साबणाने घासून धुवा. पेट्रोलने दगडाची भुकटी निघत नाही. पांढऱ्या कापडाला ऑइल लावून आत फिरवा. कापड राखाडी झालं तर पुन्हा धुवा. हे काम कंटाळवाणं आहे, पण नव्या रिंगांचं आयुष्य इथेच ठरतं.

फोर्ज्ड पिस्टन तुम्हाला नको. तो मजबूत असतो हे खरं, पण बहुतेक फोर्ज्ड मिश्रधातू गरम झाल्यावर जास्त फुगतात, म्हणून फट जास्त ठेवावी लागते आणि थंड इंजिनात तो वाजतो. शर्यतीच्या ताणासाठी त्याची गरज असते. प्रवासाला ओरिजिनल कास्ट पिस्टन शांत आणि टिकाऊ. जास्त कॉम्प्रेशनचा पिस्टन कोणी सुचवला तर सरळ नाही म्हणा, वाढलेला भार शेवटी बिग एंडच उचलतो.

ऑइल कूलरही सध्या नको. छोट्या फेऱ्यांत ऑइल पुरेसं तापलं नाही, तर ज्वलनातून आलेलं पाणी त्यातून उडत नाही. शिवाय होस आणि जोड वाढतात, म्हणजे गळायच्या जागा वाढतात. मॅन्युअल टेन्शनर तुम्हाला स्वतः वेळोवेळी घट्ट करावा लागेल आणि जरा जास्त आवळला तर चेनचं गाइड खाऊन टाकेल. नवी टायमिंग चेन, दोन्ही गाइड आणि ओरिजिनल ऑटो टेन्शनर हे एकत्र टाका, खडखड जाईल. क्लचच्या स्प्रिंगा मोजा. लांबी मर्यादेत असेल तर जुन्याच ठेवा. कडक स्प्रिंगने लांबच्या प्रवासात हात भरून येतो, पकड मात्र चांगल्या प्लेटांनीच येते. ऑइल जासो (जपानी मानक) एमए किंवा एमए२ असलेलंच घाला. गाडीचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडलेला असतो.

मग सुधारणा करायची कुठे? एअर फिल्टरच्या पेटीपाशी. झाकणाचं रबर, कार्बोरेटरकडे जाणारी नळी, इनटेकचं रबर यांना भेग असेल तर धूळ सरळ बोअरमध्ये जाते. रिंगा इतक्या झिजल्या त्यामागे हेच कारण असू शकतं. कार्बोरेटरचा नीडल जेटही बघा. तो झिजून रुंद झाला की मिश्रणात पेट्रोल जास्त होतं आणि ते बोअरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं. ड्रेन बोल्टचे आणि प्लगचे आटे सैल असतील, तर इंजिन सुट्टं असतानाच आतून नवे आटे बसवून घ्या. मॅग्नेटच्या बाजूचं कव्हर उघडेल तेव्हा वीज तयार करणाऱ्या स्टेटरच्या गुंडाळ्या काळ्या पडल्यात का हेही बघा. रात्री आडवाटेला गाडी बंद पडण्यामागे बऱ्याचदा इंजिन नसतं, चार्जिंग असतं.

जोडल्यावर गाडी आयडलवर तासभर ठेवू नका. रिंगा बोअरवर दाबल्या जातात त्या ज्वलनाच्या दाबाने, म्हणून पहिल्या दिवसापासून मध्यम रेस द्या, मग सोडा, पुन्हा द्या. एकाच वेगाने चालवणं आणि मोठ्या गिअरमध्ये ओढत नेणं टाळा. पहिलं ऑइल दोन-तीनशे किलोमीटरला काढा, दुसरं हजारला, आणि त्याच वेळी थंड इंजिनात टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्हची, फट पुन्हा मोजा.

प्रश्न : ताई, माझी गाडी ६०,००० किलोमीटरला थोडं ऑइल खायला लागली आहे. बोअर न करता नुसत्या रिंगा बदलल्या तर चालेल का?

उत्तर : बोअर मापात असेल, तर नक्की चालेल. वर आणि खाली घेतलेल्या मापांत आणि दोन दिशांतल्या मापांत फरक मॅन्युअलच्या मर्यादेआत हवा, उभे चरे नकोत, आणि पिस्टनच्या खोबणीत नवी रिंग ढिली बसायला नको. खोबण रुंद झाली असेल तर रिंगा बदलून काही साधणार नाही. हलकं होनिंग करून पृष्ठभागावर तिरक्या रेषा आणा. प्रत्येक रिंग पिस्टनशिवाय बोअरमध्ये सरळ बसवून टोकांमधली फट फीलरने मोजा. मॅन्युअलने सांगितल्यापेक्षा कमी असेल तर टोक बारीक कानशीने घासून ती वाढवा, कारण गरम झाल्यावर टोकं एकमेकांना भिडली तर रिंग मोडते. आणि ब्लॉक काढलाच आहे, तर व्हॉल्व्हची सीलही बदला.